शिकणाऱ्या शिक्षकाची नियत

यंदाचा रमजान परीक्षांच्या हंगामात आला आहे. दहावी-बारावीचे पेपर, पर्यवेक्षणाच्या ड्युट्या, उत्तरपत्रिकांचे गठ्ठे आणि त्यातच रोजे. तालुक्याच्या गावातले अनेक शिक्षक सध्या पहाटे सहेरी करून शाळेत जातात आणि इफ्तारच्या आधी धावतपळत घर गाठतात. त्यातल्या काहींच्या पिशवीत मुलांच्या वह्यांसोबत स्वतःचीही पुस्तके असतात. कुणी एम.एड. करत आहे, कुणी मुक्त विद्यापीठातून एम.ए. शिक्षणशास्त्र, कुणी पीएच.डी.च्या नोंदणीच्या तयारीत आहे. दिवसभर शिकवायचे आणि रात्री तरावीहची नमाज झाल्यावर स्वतः विद्यार्थी होऊन बसायचे. शेजारच्या गल्लीतल्या पाटील सरांचे किंवा कांबळे बाईंचेही वर्षभर हेच चालते. फक्त त्यांचे वाचन रात्रीची भांडी आवरल्यावर किंवा मुलांचा गृहपाठ घेऊन झाल्यावर सुरू होते.

नोकरी करता करता पुढे शिकणारा शिक्षक ही छोट्या शहरांतली आता नेहमीची गोष्ट आहे आणि तिचे कौतुकही होते. सत्कारात शाल-श्रीफळ मिळते, नावामागे दोन अक्षरे वाढतात, शाळेच्या फलकावर ती रंगवली जातात. पण एक प्रश्न सहसा कुणी विचारत नाही. गुरुजी एवढे शिकले, तर त्यांच्या वर्गात काय बदलले?

हा प्रश्न टोचण्यासाठी नाही. तो अभ्यासक्रमातच असतो. शिक्षणशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासात कुठल्या ना कुठल्या स्वाध्यायात विद्यार्थी-शिक्षकाला लिहावे लागते, ‘तुमची व्यावसायिक उद्दिष्टे कोणती आणि या अभ्यासातून तुमचा कोणता विकास झाला?’ या प्रश्नाची उत्तरे बहुतेकदा एकसारखीच येतात. विद्यार्थ्यांचा सर्वांगीण विकास साधणे, नवनवीन अध्यापन पद्धतींचा अवलंब करणे, तंत्रज्ञानाचा प्रभावी वापर करणे. वाक्ये चुकीची नाहीत. पण ती कोणाचीही असू शकतात. त्यात लिहिणाऱ्याची शाळा नाही, त्याचा वर्ग नाही, तिसऱ्या बाकावर गप्प बसणारा मुलगा नाही. मागच्या वर्षीच्या तुकडीकडून आलेली वही, झेरॉक्सच्या दुकानातला तयार नमुना किंवा मोबाइलवरून उतरवलेला परिच्छेद यांवर काम भागते आणि गुणही मिळतात.

रमजानमध्ये एक शब्द वारंवार कानावर येतो, ‘नियत’. मराठीत ‘त्याची नियत साफ नाही’ असे आपण सहज म्हणतो, म्हणजे शब्द परका नाही. रोज्याच्या संदर्भात नियत म्हणजे संकल्प. आज आपण कशासाठी उपाशी राहणार आहोत, याची मनाशी बांधलेली गाठ. नियतीशिवाय दिवसभर न खाणे हे फक्त उपाशी राहणे ठरते, त्याला रोजा म्हणत नाहीत. सत्यनारायणाच्या पूजेपासून एकादशीच्या उपवासापर्यंत संकल्प सोडण्याची रीत ज्यांच्या घरी आहे, त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको. शिक्षकाच्या पुढच्या शिक्षणालाही हीच कसोटी लावता येते. दोन वर्षे रात्री जागणे, फी भरणे, रविवार संपर्क सत्रात घालवणे, हे सगळे कशासाठी, याची गाठ मनाशी बांधलेली नसेल, तर पदवी मिळते, पण ती फक्त दमणूक ठरण्याची भीती असते.

वेतनश्रेणी, भीती आणि त्यापलीकडचे

शिक्षक पुढे का शिकतात, याचे उत्तर प्रामाणिकपणे द्यायचे तर आधी पैशाचे बोलावे लागेल. महाराष्ट्रात बारा वर्षांच्या सेवेनंतर वरिष्ठ श्रेणी आणि चोवीस वर्षांनंतर निवड श्रेणी अशी व्यवस्था आहे. तिच्यासाठी प्रशिक्षण आणि शैक्षणिक अर्हतेच्या अटी आहेत. मुख्याध्यापक, केंद्रप्रमुख, विस्तार अधिकारी या पायऱ्या चढायच्या तर पात्रता लागते. कनिष्ठ महाविद्यालयात जायचे तर विषयाची पदव्युत्तर पदवी लागते. अध्यापक महाविद्यालयात शिकवायचे तर एम.एड. लागते. घरात म्हातारे आई-वडील, मुलांचे शिक्षण, घराचे हप्ते असताना माणसाने पगार वाढण्यासाठी शिकावे यात लाज वाटण्यासारखे काही नाही. हलाल कमाई वाढवण्याचा प्रयत्न हा कुठल्याही धर्मात गुन्हा नाही.

दुसरे कारण भीतीचे आहे आणि ते अलीकडे वाढले आहे. १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या निकालानुसार पहिली ते आठवीला शिकवणाऱ्या ज्या सेवेतील शिक्षकांची पाच वर्षांपेक्षा जास्त नोकरी शिल्लक आहे, त्यांना दोन वर्षांत शिक्षक पात्रता परीक्षा, म्हणजे टीईटी, उत्तीर्ण होणे बंधनकारक झाले. पाच वर्षांपेक्षा कमी सेवा उरलेल्यांना नोकरी टिकवण्यापुरती सवलत मिळाली. पण पदोन्नती हवी असेल तर त्यांनाही टीईटी चुकत नाही. अल्पसंख्याक संस्थांना हे कितपत लागू, हा प्रश्न मोठ्या पीठाकडे सोपवला गेला. वीस-पंचवीस वर्षे शिकवलेल्या माणसाला पुन्हा परीक्षेच्या बाकावर बसावे लागणे किती जिव्हारी लागते, हे शिक्षकांच्या खोलीत चहा घेताना ऐकू येते. त्यांची तक्रार पूर्ण खोटी नाही. बालमानसशास्त्रावरची बहुपर्यायी प्रश्नपत्रिका सोडवता येणे आणि रडणाऱ्या मुलाला वर्गात रमवता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

पण इथेच थांबता येणार नाही. वेतनश्रेणी ही पुढे शिकण्याची प्रेरणा असू शकते आणि भीतीही असू शकते. यांपैकी एकही उद्दिष्ट मात्र होऊ शकत नाही, कारण दोन्ही एका तारखेला संपतात. आदेश निघाला, फरकाची रक्कम जमा झाली, निकाल लागला की त्या पुस्तकांवर धूळ साचते. उद्दिष्ट त्यानंतर सुरू व्हायला हवे. एखाद्या शिक्षिकेने ‘मला निवड श्रेणी हवी आहे’ असे स्पष्ट म्हटले तर ते ‘मला राष्ट्राची भावी पिढी घडवायची आहे’ या उसन्या वाक्यापेक्षा जास्त खरे आहे. त्या खऱ्या वाक्याला तिने फक्त एक ओळ जोडायची आहे. ‘आणि या दोन वर्षांत माझ्या वर्गातली अमुक अडचण मला समजून घ्यायची आहे.’

बर्लिनहून परतलेला शिक्षक

पुढचे शिक्षण आणि शिक्षकाची नियत यांचा मेळ कसा असावा, याचे एक उदाहरण या देशात आहे आणि त्याचा एक धागा थेट वर्ध्याशी जुळलेला आहे. डॉ. झाकिर हुसेन पुढे राष्ट्रपती झाले, म्हणून पाठ्यपुस्तकात त्यांचा फोटो असतो. पण त्यांच्या आयुष्याचा मोठा भाग शिक्षकाचा होता. १९२० साली असहकाराच्या काळात अलीगढमध्ये जामिया मिल्लिया इस्लामिया सुरू झाली, तेव्हा तेविशीतले झाकिर हुसेन तिच्या संस्थापक मंडळींत होते. काही काळ तिथे शिकवून ते उच्च शिक्षणासाठी जर्मनीला गेले आणि बर्लिनमध्ये १९२६ साली त्यांनी अर्थशास्त्रातील डॉक्टरेट मिळवली.

त्या वर्षांत इकडे जामिया मोडकळीला आली होती. खिलाफत चळवळ ओसरली आणि तिच्याबरोबर पैशाचा ओघही आटला. १९२५ मध्ये संस्था अलीगढहून दिल्लीला हलवावी लागली. ती बंदच करावी, असाही विचार होता. युरोपात शिकणाऱ्या झाकिर हुसेन, आबिद हुसेन आणि मोहम्मद मुजीब या तिघा तरुणांसमोर त्या पदव्यांवर कुठेही चांगली नोकरी मिळण्याची वाट मोकळी होती. त्यांनी परत येऊन जामिया चालवायचे ठरवले. एकोणतीस वर्षांचे झाकिर हुसेन कुलगुरू झाले आणि १९४८ पर्यंत त्या पदावर राहिले. १९२८ मध्ये तिथल्या शिक्षकांनी वीस वर्षे संस्थेची सेवा करण्याची आणि महिन्याला दीडशे रुपयांहून अधिक पगार न घेण्याची प्रतिज्ञा केली. नंतर तो पगारही अनेकदा पूर्ण हाती आला नाही.

या गोष्टीतला त्याग मोठा आहे, पण इथे तो मुख्य मुद्दा नाही. आजच्या शिक्षकाने अर्ध्या पगारावर राबावे असे कुणी सुचवू नये. अशा गोष्टी सांगून विनाअनुदानित शाळांतल्या तरुणांना फुकट राबवून घेतले जाते, तो अन्यायच आहे. मुद्दा वेगळा आहे. झाकिर हुसेन यांनी पदवी अर्थशास्त्रात घेतली, पण जर्मनीत राहून डोळे उघडे ठेवले ते शाळांकडे. म्युनिकचे शिक्षणतज्ज्ञ केर्शेनश्टायनर यांनी हाताच्या कामातून शिक्षणाचा जो विचार मांडला होता, त्याचा त्यांच्यावर खोल परिणाम झाला. पुढे ऑक्टोबर १९३७ मध्ये गांधीजींनी वर्ध्याला शिक्षण परिषद भरवली, तेव्हा नव्या शिक्षणाची योजना आखण्यासाठी नेमलेल्या समितीचे अध्यक्षपद झाकिर हुसेन यांच्याकडे आले. सात वर्षांचे मोफत आणि सक्तीचे शिक्षण, मातृभाषेतून शिकवणे आणि एखाद्या हस्तोद्योगाच्या आधाराने सगळे विषय जोडणे, ही ‘नई तालीम’ची चौकट त्या समितीने शब्दांत बसवली. परदेशात शिकलेले ज्ञान सेवाग्रामच्या चरख्यापर्यंत पोहोचले, ते असे.

त्यांनी तिकडची योजना जशीच्या तशी उचलून आणली नाही. इथल्या गरीब मुलाला काय उपयोगी पडेल, हा प्रश्न मनात ठेवून ते तिथे शिकले. नियत आधी होती, म्हणून वाचलेले कुठे लावायचे ते कळले. विशेष म्हणजे एवढा विद्वान माणूस जामियाच्या प्राथमिक शाळेतल्या लहान मुलांत रमत असे आणि त्यांच्यासाठी त्यांनी गोष्टीही लिहिल्या. डॉक्टरेट मिळाल्यावर लहान मुलांचा वर्ग कमी दर्जाचा वाटू लागला, असे झाले नाही. आज उलटे घडते. पहिली-दुसरीला शिकवणारा शिक्षक जितका पुढे शिकतो, तितका पहिली-दुसरीपासून दूर जाण्याची वाट शोधतो. आपल्या व्यवस्थेत बढती म्हणजे मुलांपासून लांब जाणे, हे समीकरणच झाले आहे.

गप्प बसणारे मूल

मग वर्गाशी जोडलेला अभ्यास दिसतो तरी कसा? त्यासाठी फार लांब जायला नको. आपल्या गावांतल्या बहुतेक शाळांत घडणारी एक साधी गोष्ट घेऊ. तिसरीच्या वर्गात एक मूल बोलत नाही. शिक्षक विचारतात, ते खाली पाहते. पालकसभेत शेरा मिळतो, ‘लक्ष देत नाही.’ वर्षाअखेरीस शेरा थोडा कठोर होतो, ‘कच्चा आहे.’ त्या मुलाच्या घरात मात्र वेगळे चित्र असते. तिथे ते अखंड बोलत असते, कारण तिथे दखनी बोलली जाते, किंवा अहिराणी, किंवा गोरमाटी, किंवा कोरकू. तांड्यावरच्या मुलाला भाकरी ही ‘बाटी’ म्हणून माहीत असते. मोहल्ल्यातली मुलगी ‘हो’ऐवजी ‘हौ’ म्हणते आणि वर्ग हसतो. एकदा हसले की ती पुढचे सहा महिने तोंड उघडत नाही. आणि उर्दू शाळेत गेली तरी सुटका नाही, कारण पुस्तकातली उर्दू आणि आईची दखनी यांतही अंतर आहेच.

पदव्युत्तर अभ्यासात हाच शिक्षक वायगॉट्स्की वाचतो. मूल एकट्याने जे करू शकते आणि मोठ्यांच्या मदतीने जे करू शकते, त्यामधल्या पट्ट्यात खरे शिकणे घडते, असे या रशियन मानसशास्त्रज्ञाने जवळपास शंभर वर्षांपूर्वी मांडले. भाषा हे विचाराचे साधन आहे, हेही सांगितले. परीक्षेत या सिद्धांतावर दहा गुणांची टीप लिहिता येते. पण तोच सिद्धांत घेऊन शिक्षक सोमवारी वर्गात शिरला, तर त्याला ते गप्प मूल वेगळे दिसू लागते. मूल कच्चे नव्हते. त्याच्या घरच्या भाषेपासून पुस्तकाच्या भाषेपर्यंत पूल बांधलेला नव्हता आणि तो बांधणे हे मुलाचे काम नव्हते. मग शिक्षक फळ्यावर दोन रकाने करतो. एकीकडे घरचा शब्द, दुसरीकडे पुस्तकाचा. मुलांना शब्द आणायला सांगतो. दखनीतला ‘नक्को’ हा मराठी ‘नको’चाच सख्खा भाऊ आहे, हे कळल्यावर आधी हसलेला वर्गच शब्द शोधू लागतो. गप्प मूल त्या दिवशी शब्द देणारे होते.

यालाच शिक्षणशास्त्रात चिंतनशील अध्यापन म्हणतात. अमेरिकन विचारवंत जॉन ड्यूई यांनी १९१० मध्ये चिंतनाच्या शिस्तीवर पुस्तक लिहिले आणि डोनाल्ड शॉन यांनी १९८३ मध्ये व्यावसायिक माणूस काम करता करता स्वतःच्या कामाकडे कसा पाहतो, याची मांडणी केली. नावे परकी आहेत, पण गोष्ट ओळखीची आहे. दिवसभराचा हिशेब रात्री स्वतःशी करणे. कोणाला बोललो, कोणाला चुकून दुखावले, काय राहिले. रमजानमध्ये रोजेदाराकडून या हिशेबाची अपेक्षा असते. तोंडाला पाणी लागले नाही, पण जिभेने कुणाची निंदा केली असेल तर दिवसभराच्या उपवासाचे काय उरले, असा तो हिशेब. शिक्षकाचाही असाच. तास घेतला, पाठ संपवला, हजेरी भरली. पण किती मुलांना कळले?

लघुशोधनिबंधाचे काय?

पदव्युत्तर अभ्यासाचा सर्वांत उपयोगी आणि सर्वांत वाया जाणारा भाग म्हणजे संशोधनाचा. बी.एड. आणि एम.एड. हे दोन्ही अभ्यासक्रम २०१५ पासून दोन वर्षांचे झाले. त्यामागे शिक्षकाला शाळेत जास्त वेळ मिळावा आणि त्याने खोलात जाऊन अभ्यास करावा, हा विचार होता. कृतिसंशोधन, म्हणजे आपल्याच वर्गातली एक अडचण घेऊन तिच्यावर उपाय करून पाहणे आणि काय झाले ते नोंदवणे, हे तर खास शिक्षकासाठीच असलेले हत्यार आहे. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी विषय कपाटातल्या जुन्या प्रबंधांच्या नावावरून ठरतो. तालुक्याचे नाव बदलते, इयत्ता बदलते, आकडे जुळवले जातात. टंकलेखन करून देणाऱ्याकडे ‘तयार’ प्रबंध मिळतो, ही गोष्ट आता कुणी कुजबुजतही सांगत नाही.

हे करणारा शिक्षक वर्गात मुलांना कॉपी करू नका म्हणून सांगतो. या विसंगतीचा त्रास त्यालाही होत असणार. पण सगळा दोष त्याच्या माथी मारून मोकळे होता येणार नाही. त्याचे सकाळचे पाच तास शाळेत जातात. मग मतदार याद्या, सर्वेक्षणे, शालेय पोषण आहाराच्या नोंदी, रोज नवी लिंक, रोज नवा अर्ज. त्यातून उरलेल्या वेळात तो शिकतो. बाईंचा दिवस तर याहून लांब असतो. घरी पोचल्यावर स्वयंपाकघर त्यांची वाट पाहत असते आणि रमजानमध्ये इफ्तारची तयारीही बहुतेक घरांत त्यांच्याच वाट्याला येते. भाषेची अडचण वेगळीच. शिक्षणशास्त्रातली चांगली पुस्तके बहुतांश इंग्रजीत आहेत. मराठी माध्यमातून शिकलेल्या शिक्षकाला ती जड जातात. उर्दू माध्यमात डी.एड. केलेल्या शिक्षिकेला आधी मराठी, मग इंग्रजी असे दोन डोंगर चढावे लागतात. उतारा उतरवून काढणे ही कधी कधी आळसापेक्षा असहायतेची खूण असते.

म्हणून यात इतरांचाही वाटा आहे. राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० मध्ये प्रत्येक शिक्षकाला वर्षाला किमान पन्नास तास व्यावसायिक विकासाची संधी मिळावी, असे म्हटले आहे. हे पन्नास तास मोबाइलवर व्हिडिओ सुरू ठेवून प्रमाणपत्र उतरवून घेण्यात संपू नयेत. एखादा शिक्षक पदव्युत्तर शिक्षण घेत असेल आणि आपल्याच वर्गावर कृतिसंशोधन करत असेल, तर ते त्या पन्नास तासांत धरायला काय हरकत आहे? मुख्याध्यापकाने त्याला महिन्यातून एकदा सहकाऱ्यांसमोर अर्धा तास बोलायला सांगितले, तर शिक्षण परिषदेच्या चहाला तरी चव येईल. अध्यापक महाविद्यालयांनी विषय मान्य करताना एकच अट घालावी. अडचण शिक्षकाच्या स्वतःच्या वर्गातली हवी आणि त्याने केलेल्या कामाची मुलांची वही पुरावा म्हणून जोडलेली हवी. तयार प्रबंधाचा धंदा निम्मा तिथेच बसेल. आणि घरातल्यांनीही, विशेषतः शिकणाऱ्या बाईंच्या घरातल्यांनी, तिच्या अभ्यासाच्या दोन तासांना नोकरीइतकाच मान द्यावा. पुढे शिकणाऱ्या पुरुषाला घर सांभाळून घेते, बाईला मात्र घर सांभाळून शिकावे लागते.

मोजमाप कशाचे?

महाराष्ट्राला शिकणाऱ्या शिक्षकाची परंपरा नवी नाही. १८४८ मध्ये पुण्याच्या भिडे वाड्यात मुलींची शाळा सुरू झाली, तिची आठवण प्रत्येक ३ जानेवारीला निघते. पण सावित्रीबाईंनी शिकवण्याचे रीतसर प्रशिक्षण घेतले होते, ही गोष्ट भाषणांत मागे पडते. नगरला सिंथिया फरार आणि पुण्यात मिचेल बाई यांच्याकडे त्या अध्यापन शिकल्या. घरात जोतीरावांकडून अक्षरे गिरवलेल्या त्या तरुण मुलीला एवढ्यावर भागवता आले असते. शेण आणि चिखल अंगावर घेऊन शाळेत जाणारी सावित्रीबाई सगळ्यांना माहीत आहे. वर्गात नीट शिकवता यावे म्हणून स्वतः विद्यार्थिनी झालेली सावित्रीबाईही तितकीच लक्षात ठेवायला हवी. त्यांनी १८५६ मध्ये जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात घरचा भार वाहणाऱ्या फातिमाचा उल्लेख येतो. त्या दोघींकडे दाखवायला कुठली पदवी नव्हती. त्यांचे काम किती मुली वाचू लागल्या, यावर मोजले गेले.

रमजानशी जोडलेली एक जुनी गोष्टही हेच सांगते. बद्रची लढाई हिजरी सनाच्या दुसऱ्या वर्षी, रमजानच्याच महिन्यात झाली. मक्केचे अनेक लोक युद्धकैदी झाले. ज्यांच्याकडे खंडणी द्यायला पैसे नव्हते पण लिहिता-वाचता येत होते, त्यांच्यासाठी पैगंबर साहेबांनी वेगळी अट ठेवली, असे इस्लामी इतिहासात सांगितले जाते. एकेका कैद्याने मदिनेतल्या दहा मुलांना लिहायला-वाचायला शिकवायचे, की त्याची सुटका. शत्रूकडूनही शिकण्यात कमीपणा मानला गेला नाही, हा या गोष्टीचा एक अर्थ नेहमी सांगितला जातो. दुसराही अर्थ आहे. त्या शिक्षकाला त्याचा दाखला कुणी विचारला नाही. दहा मुले वाचू लागली का, एवढेच पाहिले. शिक्षकाच्या विद्वत्तेचे माप मुलांच्या वाचनात होते.

आजच्या व्यवस्थेला दाखल्यांशिवाय चालणार नाही आणि चालूही नये. पात्रतेची अट नसेल तर वशिल्याला रान मोकळे मिळते. पण दाखला हे माप नव्हे, ती माप घेण्याची परवानगी आहे. तिसरीपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता यावे, साधी गणिते यावीत, यासाठी २०२१ मध्ये ‘निपुण भारत’ अभियान सुरू झाले. त्याची मुदत २०२६-२७ ठेवली आहे. ती दाराशी येऊन उभी आहे. राज्यात कधी नव्हते इतके उच्चशिक्षित शिक्षक आज प्राथमिक शाळांत आहेत. एम.ए., एम.एड. झालेले गुरुजी पहिलीला शिकवतात, हे चित्र चाळीस वर्षांपूर्वी दुर्मीळ होते. एवढी विद्या शाळेच्या इमारतीत असताना पाचवीतले मूल दुसरीचा धडा अडखळत वाचत असेल, तर विद्या आणि वर्ग यांच्यामध्ये कुठेतरी भिंत आहे. ती सरकारी आदेशाने पडणार नाही. ज्याने त्याने आपल्या बाजूने तिची एकेक वीट काढायची आहे.

सुरुवात छोटी असली तरी चालेल. पुढे शिकणाऱ्या प्रत्येक शिक्षकाने व्यावसायिक उद्दिष्टांच्या त्या स्वाध्यायात या वेळी उसनी वाक्ये न लिहिता तीन साध्या ओळी लिहाव्यात. माझ्या वर्गातली तीन मुले, ज्यांना अजून वाचता येत नाही. त्यांना का येत नाही, याबद्दल मला आज काय वाटते. आणि पुढच्या परीक्षेपर्यंत मी त्यांच्यासाठी काय करून पाहणार आहे. मुलांची नावे कुणाला दाखवायची गरज नाही, ती स्वतःच्या वहीत राहू द्यावीत. सहा महिन्यांनी त्याच पानाखाली पुन्हा लिहावे. दुसऱ्या ओळीतले उत्तर बदलले असेल, ‘लक्ष देत नाही’ याच्या जागी ‘घरची भाषा वेगळी’, ‘डोळ्याला कमी दिसते’, ‘सकाळी उपाशी येतो’, ‘आई ऊसतोडीला गेली आहे’ असे काही आले असेल, तर शिक्षकाचा विकास झाला. मग पदवीला कितीही टक्के मिळोत.

रोजा मोडणारी पहिली खजूर जिभेवर ठेवताना भुकेचा अर्थ कळतो, असे म्हणतात. ज्याला दिवसभर भूक लागली, त्यालाच उपाशी माणूस समजतो. शिक्षकाने पुन्हा विद्यार्थी होण्याचाही हाच फायदा आहे. कठीण पुस्तकासमोर बसून काही न कळण्याची लाज, परीक्षेची धडधड, परक्या भाषेत अडखळणे, हे सगळे तो पुन्हा अनुभवतो. त्या रात्री जे वाटले, ते त्याच्या वर्गातल्या शेवटच्या बाकावरच्या मुलाला रोज वाटते. हे ज्याला उमगले, त्याच्या नावामागची अक्षरे त्या मुलाच्या कामी आली.